अकरा डबे, एक म्हैस

हुद्दार सरांनी विचारलं, तुलना कशावर करणार?
म्हटलं, जांबोटीपुढच्या रानात.
सर हसले नाहीत. चहा मात्र दुसरा मागवला.

टॉवर पोचत नाही तिथं, म्हणून अकरा डबे नेले.
आतून रेडिओ, बाहेरून चटणीचे,
झाकणाभोवती मेण, अँटेना म्हणून सायकलचा स्पोक.
एक दूधवाल्या परशरामच्या मोटरसायकलला,
एक अंगणवाडीच्या शांतव्वाच्या पिशवीत,
एक कणकुंबी गाडीच्या कंडक्टरकडं.
तो म्हणाला, इदक्क टिकीट एष्ट री?
सातवा धुळू गवळ्याला.

पहिली पद्धत वहीवाली.
कोण कुणाच्या शेजारी, कुणाकडून कुठं जाता येतं,
घटका-दोन घटका नाही, दर दोन सेकंदांनी
पुन्हा सगळं लिहायचं, कुणी विचारो न विचारो.
आमच्या गल्लीतली ताराक्का अशीच:
शेट्टरांचा थोरला धारवाडला गेलाय, सोमवारी येतोय,
कांदे संपलेत त्यांच्यातले.
उत्तर हातोहात.
पण नुसत्या लिहिण्यातच
अर्धी बॅटरी जेवणाआधी खलास.

दुसरी गरजेपुरती.
काम नसेल तर पडून राहते.
मग एकाएकी ओरडते, धुळू कुठाय?
ऐकेल तो पुढच्याला विचारतो, तो त्याच्या पुढच्याला,
ओढ्यापलीकडं, काजूच्या बागेत, देवराईच्या पाठीमागं.
एकदा विचारलं त्यानं पुन्हा विचारायचं नाही,
नाहीतर रानभर नुसतं धुळू धुळू.
उत्तर आल्या पावलांनी परत येतं. उशिरा.

तिसरी अख्खी वाट पाकिटावरच लिहिते,
पूर्वीच्या लग्नपत्रिकेसारखी:
खानापुरात उतरून जांबोटीची गाडी,
नाक्यावर बाबुशाच्या दुकानात विचारणे.
वाट लांबली की पत्ता हातभर
आणि मजकूर चिमूटभर.

लॅबमध्ये तिघींना शेकडो वेळा पळवलं होतं.
तिथं ठिपका वाटेल तिकडं वळतो,
थांबतो,
पुन्हा वाटेल तिकडं.
रानात असं कुणी चालत नाही.
परशराम सहाला निघतो, त्याच वळणावर बिडी पेटवतो.
शांतव्वा अंड्यांचा ट्रे सांभाळत
खड्ड्यांची वाट टाळून बांधावरून येते.
वाटेल तिकडं जायला वेळ कुणाकडं आहे?

तिसऱ्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी
सातवा गेला.
वही शपथेवर सांगत राहिली,
धुळू आंब्याखाली, दोन उड्यांवर.
पाकिटं आंब्याकडं जात राहिली.
आंबा ती घेत राहिला.

मग दुसरी लावली. ती ओरडली.
काही नाही.
जरा लांबवर ओरडली.
पानांनी आवाज गिळला असावा.
चौथ्या हाकेला घाटाच्या अलीकडं
कंडक्टरच्या डब्यानं कान दिला,
आणि पाच उड्या मारून निरोप आला, सातवा आहे.
दोन खिसे कन्नड बोलणारे होते, एक कोकणी,
एक परशरामचा, तो वासरालाही शिव्या देतो.
पाकीट कुणी उघडून पाहिलं नाही.
दिलं पुढं.

तिन्हीसांजेला आंब्याखाली गेले. धुळू तिथंच.
कुठं गेला होतास?
मी? हितंच की, बाई. निजलोतो.
आणि डबा?
तो म्हशीच्या गळ्यात बांधलाय. तीच फिरते, मी बसतो.
तुमास्नी फिरणारं पायजे हुतं न्हवं?

म्हणजे वही धुळूबद्दल खरी होती
आणि डब्याबद्दल खोटी.
असा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो.

पोचलेली पाकिटं, उशीर, खर्च, सगळं भरलं.
शेरा लिहिला: सातवा, म्हैस, पाण्याला गेली होती.
सरांनी तांबड्या शाईनं म्हैस खोडली,
वर लिहिलं, चल घटक.
जिंकलं कोण, ते सांग, म्हणाले.
म्हटलं, कोण निजलंय त्यावर आहे, सर.

दहा डबे लॅबच्या कपाटात आहेत.
सातवा अजून तिच्या गळ्यात.
धुळू म्हणतो, घुंगरापेक्षा हलका हाय.